आयरिश आडनावाचा माग काढायचाय? आधी गाव शोधा

लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने सिअ‍ॅटलला होते. आमचे जावई सुलिव्हन. तिथेच जन्मलेले, वडील मोंटानातल्या ब्यूटचे, घराणं मूळ आयर्लंडचं एवढंच घरात सगळ्यांना माहीत. बारशाच्या दिवशी मी त्यांना सहज विचारलं, तुमचं मूळ गाव कुठलं हो? म्हणाले, आयर्लंड. मी म्हटलं अहो देश नाही, गाव. तर ते विहीणबाईंकडे बघायला लागले आणि विहीणबाई माझ्याकडे. आपल्याकडे एखाद्याला गाव विचारलं आणि तो नुसतं भारत म्हणाला तर कसं वाटेल तसं मला वाटलं, आणि त्या दिवसापासून बाळ दुपारी झोपलं की मी लॅपटॉप घेऊन बसायला लागले. चार-साडेचार महिने लागले पण गाव सापडलं. आता बऱ्याच मराठी घरांत असे जावई, अशा सुना आहेत, म्हणून जे शिकले ते नीट क्रमाने लिहून ठेवतेय.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते, कारण माझे पहिले तीन आठवडे इथेच वाया गेले. आयर्लंडमध्ये नुसत्या आडनावावरून काहीही सापडत नाही. मर्फी, केली, सुलिव्हन, वॉल्श ही आडनावं म्हणजे आपल्याकडचे जाधव, पवार, शिंदे. आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला, पश्चिम कॉर्कमध्ये, एकाच वाडीत एकाच नावाचे चार सुलिव्हन आणि चौघांच्या बायकांची नावंही मेरी असं खरोखर असतं. नाव आणि जन्मसाल जुळतंय म्हणून मी एक माणूस पकडला, त्याचे आईवडील, आजोबा असं सगळं झाड उभं केलं, आणि मग तोच माणूस १९११ च्या जनगणनेत आयर्लंडमध्येच शेती करताना दिसला, जेव्हा जावयांचे पणजोबा ब्यूटच्या तांब्याच्या खाणीत काम करत होते. सगळं पुसावं लागलं. म्हणून शोधायचं ते गाव. तिकडच्या भाषेत टाउनलँड. म्हणजे साधारण आपली वाडी किंवा शिवार, जमिनीचा सगळ्यात छोटा नाव असलेला तुकडा, आणि अख्ख्या बेटावर असे ६० हजारांहून जास्त आहेत. हा एक शब्द मिळाला की बाकीचं कुलूप उघडतं.

आधी घर, मग आयर्लंड

गावाचं नाव बहुतेक वेळा आयर्लंडच्या कागदात नाही, जिकडे माणूस गेला तिकडच्या कागदात सापडतं. म्हणून आधी घरातला डबा उघडा. जुनी पत्रं, प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेली मयताची स्मरणपत्रं, फोटोच्या मागची अक्षरं, सगळं. म्हातारी माणसं असतील तर त्यांना "आजोबांचं नाव काय" असं विचारू नका, "घरी कोणाचं पत्र यायचं, कोणाच्या लग्नाला कोण आलं होतं" असं विचारा, माणसं तेव्हा बोलायला लागतात. विहीणबाईंच्या पत्र्याच्या डब्यात पणजोबांच्या बहिणीचं स्मरणपत्र निघालं, त्यावर जन्मगाव म्हणून काहीतरी "रेंट्रिस" असं छापलेलं. कुठल्याच नकाशात असं गाव नव्हतं. पण ते जपून ठेवलं, पुढे तेच कामाला आलं.

मग अमेरिकेतले कागद. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट अकाउंट उघडता येतं, सुरुवातीला पैसे भरायची अजिबात गरज नाही. मृत्यूचा दाखला बघा, त्यात आईवडिलांची नावं असतात आणि आईचं माहेरचं आडनाव मिळालं तर निम्मं काम झालं समजा. १९०० च्या अमेरिकन जनगणनेत कोणत्या साली देशात आलात असा रकाना आहे. १८९० ची शोधत बसू नका, ती जवळजवळ सगळी आगीत गेली. नागरिकत्वाचे अर्ज १९०६ च्या सप्टेंबरनंतरचे असतील तर त्यात जन्मठिकाण, जहाज, तारीख असं भरपूर मिळतं, त्याआधीच्या अर्जात बहुतेक वेळा नुसतं "आयर्लंड". कबरीवरचा दगड, स्थानिक पेपरातली निधनवार्ता, चर्चमधली लग्नाची नोंद हेही बघा. बोस्टनच्या पायलट नावाच्या पेपरात तर १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या नातेवाइकांच्या जाहिराती यायच्या, माझा भाऊ अमुक परगण्यातला तमुक गावचा, शेवटचा अमुक शहरात होता, कोणाला ठाऊक असेल तर कळवा. मी तासन्‌तास त्याच वाचत बसले, आपल्या शोधाला काही उपयोग नसतानाही.

जहाजाच्या यादीत "क्वीन्सटाउन" दिसलं तर ते गाव समजू नका, ते बंदर आहे, आजचं कोव्ह, आणि १८४९ पासून १९२० पर्यंत त्याला क्वीन्सटाउन म्हणायचे. काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा, तर किंग्ज काउंटी म्हणजे आजची ऑफली आणि क्वीन्स काउंटी म्हणजे आजची लीश.

आणि एकट्या माणसाच्या मागे लागू नका. भावंडं, मेहुणे, लग्नातले साक्षीदार, शेजारी, सगळ्यांची यादी करा, कारण एकाच वाडीतली माणसं एकापाठोपाठ एक त्याच शहरात जायची. पश्चिम कॉर्कच्या बेआरा द्वीपकल्पातल्या अ‍ॅलिहीजला १८१२ पासून तांब्याच्या खाणी होत्या, त्या मंदावल्यावर तिथले खाणकामगार थेट ब्यूटच्या तांब्याच्या खाणीत गेले, त्यामुळे ब्यूटमध्ये सुलिव्हन, हॅरिंग्टन ही आडनावं रस्त्यारस्त्यावर. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा दिशा मिळाली. पणजोबांच्या कागदात गाव कुठेच नव्हतं, बहिणीच्या होतं.

आडनावाचे अवतार

आयरिश आडनावं युरोपातल्या अगदी जुन्या आडनावांपैकी, १० व्या-११ व्या शतकापासून वंशाने चालत आलेली. ओ म्हणजे नातू किंवा वंशज, मॅक म्हणजे मुलगा. फिट्झ हे बहुतेक नॉर्मन लोकांचं, फक्त फिट्झपॅट्रिक तेवढं मूळ आयरिश मॅक गिला फाड्रिगपासून आलेलं. आयरिशमध्ये बाईच्या आडनावाचं रूपच वेगळं, लग्नाआधी नी किंवा निक, लग्नानंतर ई किंवा विक, त्यामुळे आयरिशमधल्या एखाद्या कागदात भाऊ-बहिणीची आडनावं वेगळी दिसली तर घाबरू नका, घर एकच आहे.

इंग्रजांच्या राज्यात १७ व्या-१८ व्या शतकात बहुतेकांनी पुढचा ओ टाकून दिला आणि १९ व्या शतकाच्या शेवटी भाषेची चळवळ आली, १८९३ ला गेलिक लीग निघाली, तेव्हा पुष्कळांनी तो परत लावला. म्हणून सुलिव्हन आणि ओसुलिव्हन दोन्ही शोधायचं, एकाच घरात वडील बिनओचे आणि मुलगा ओवाला असं असतं. घरातल्या कोणी कितीही ठामपणे सांगितलं की "आमचं स्पेलिंग हेच, ते वेगळं लिहिणारे आमचे नाहीत", तरी ते बाजूला ठेवा. आडनाव लिहायचा तो कारकून किंवा पाद्री, त्याला जसं ऐकू आलं तसं.

काही आडनावांचं तर सरळ भाषांतर झालंय. मॅक गावन म्हणजे लोहाराचा मुलगा, म्हणून तो स्मिथ झाला. ओ क्लेरीचा क्लार्क झाला. आयरिशमधला ब्रेथनाख, म्हणजे वेल्सचा माणूस, तो इंग्रजीत वॉल्श. त्यामुळे आडनाव इंग्रजी दिसतंय म्हणून घराणं इंग्रज असं समजू नका. १८९४ साली मॅथेसन नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने १८९० च्या जन्मनोंदींवरून कोणतं आडनाव कोणत्या काउंटीत किती याचा अहवाल काढला होता, तो आजही नेटवर वाचायला मिळतो आणि सुरुवातीला फार कामाचा आहे. जॉन ग्रेनहॅम यांच्या साइटवरही आडनाव टाकलं की १९ व्या शतकाच्या मध्यात ते कुठल्या भागात किती घरांत होतं ते नकाशावर दिसतं.

आता पहिली नावं, इथे मी सगळ्यात जास्त अडकले. कॉर्क-केरीकडे घरात आयरिश बोलायचे आणि कागद इंग्रजीत किंवा चर्चच्या लॅटिनमध्ये, त्यामुळे एका माणसाची तीन नावं. घरी डर्मुड, तोच इंग्रजीत जेरेमाया, तोच डार्बी, आणि अमेरिकेत गेल्यावर जेरी. टाइग म्हणजे टिमथी. कॉनर म्हणजे कॉर्नेलियस. ओवेन म्हणजे यूजीन. गोबनिट नावाची मुलगी इंग्रजी कागदात अ‍ॅबिगेल. ब्रिजेट ही डीलिया, ब्राइडी, बिडी कशीही येते. लॅटिनमध्ये याकोबुस म्हणजे जेम्स आणि गुलिएल्मुस म्हणजे विल्यम. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवा.

नाव ठेवायची पद्धतही मदतीला येते. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायचे तसंच की हे. नेहमी पाळलं जात नाही, पण दोन कुटुंबांत कोणतं आपलं असा प्रश्न पडला की मुलांच्या नावांचा क्रम पुष्कळ सांगून जातो.

काय जळलं आणि काय उरलं

३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातला सरकारी दप्तरखाना उद्ध्वस्त झाला. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणनांचे थोडे तुकडे सोडले तर सगळं गेलं, मृत्युपत्रं गेली, चर्च ऑफ आयर्लंडची, म्हणजे प्रोटेस्टंट चर्चची, निम्म्याहून जास्त रजिस्टरं गेली. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे कागद सरकारने आधीच नष्ट केले होते आणि १८८१, १८९१ चे पहिल्या महायुद्धात लगद्यासाठी गेले. हे वाचून मी एक संध्याकाळ खरंच उदास होते, लाखो माणसांची नावं अशी गेली. पण लोक म्हणतात की "सगळं जळलं, शोधून उपयोग नाही" ते मात्र चूक आहे. कॅथलिक चर्चची रजिस्टरं तिथे नव्हतीच, ती आपापल्या गावात होती. जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदी वाचल्या. आणि २०२२ पासून व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी नावाच्या साइटवर इतर ठिकाणी उरलेल्या नकला गोळा करून जळालेलं दप्तर पुन्हा उभं करताहेत, तेही फुकट.

पुढे जाण्याआधी हद्दी समजून घ्या. टाउनलँड, त्याच्यावर सिव्हिल पॅरिश म्हणजे अनेक टाउनलँडचा सरकारी गट, मग त्याहून मोठी बॅरनी, मग काउंटी. कॅथलिक पॅरिश, म्हणजे एका चर्चखालचा इलाखा, वेगळी, तिची हद्द सिव्हिल पॅरिशशी जुळत नाही. आणि जन्ममृत्यूच्या नोंदी तिसऱ्याच हद्दीने, पुअर लॉ युनियनने, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी पाडलेल्या विभागांनी. आमच्याच उदाहरणात बघा, अ‍ॅलिहीज ही कॅथलिक पॅरिश, सिव्हिल पॅरिशचं नाव किलनामनाग, सरकारी नोंदी कॅसलटाउनखाली, काउंटी कॉर्क, पण चर्चचा धर्मप्रांत केरी. मी दोन आठवडे कॉर्कच्या चर्चयाद्या चाळत होते आणि सगळं केरीत होतं. लोगेनम डॉट आयई आणि टाउनलँड्स डॉट आयई या दोन साइटवर कुठलंही गाव टाकून या हद्दी बघता येतात. तिथेच अ‍ॅलिहीजच्या आसपासची टाउनलँड एकेक मोठ्याने वाचताना मला "रीनट्रिस्क" दिसलं आणि डब्यातलं "रेंट्रिस" आठवलं. अर्थात नाव सारखं वाटलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, नोंदीत तेच कुटुंब त्याच जागी दिसायला हवं.

आता मागे मागे जायचं

पहिलं, १९०१ आणि १९११ ची जनगणना. दोन्ही पूर्ण आहेत, आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवर फुकट, मूळ हस्ताक्षरातल्या फॉर्मसकट. आपला माणूस तोवर निघून गेलेला असेल तरी मागे राहिलेले आईवडील, भाऊ सापडतात. १९११ च्या फॉर्ममध्ये लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जन्मली आणि त्यातली किती जिवंत आहेत असे रकाने आहेत. आमच्या घराच्या फॉर्मवर अकरा आणि सहा असे आकडे होते. मी ते विहीणबाईंना दाखवले, आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

वयावर मात्र विश्वास ठेवू नका. १९०८ च्या कायद्याने सत्तरीनंतर पेन्शन सुरू झालं आणि १९०१ मध्ये पंचावन्न असलेली माणसं १९११ मध्ये एकदम सत्तरच्या वर गेली. पण त्याच पेन्शनमुळे आपल्याला एक मोठा फायदाही झाला. वयाचा पुरावा म्हणून लोक १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतली आपली नोंद शोधायला अर्ज करायचे, त्या अर्जांत आईवडिलांची नावं आणि टाउनलँड असतं. मूळ जनगणना जळाली, अर्ज राहिले, आणि तेही नॅशनल आर्काइव्हजवर बघता येतात.

दुसरं, सरकारी नोंदी. १ एप्रिल १८४५ पासून बिगरकॅथलिक लग्नं आणि १ जानेवारी १८६४ पासून सगळ्यांचे जन्म, मृत्यू, लग्नं. आयरिशजिनिऑलॉजी डॉट आयई वर १०० वर्षांपूर्वीचे जन्म, ७५ वर्षांपूर्वीची लग्नं आणि ५० वर्षांपूर्वीचे मृत्यू फुकट दिसतात, मूळ पानाच्या फोटोसकट. जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव आणि टाउनलँड असतं, तेच जुळवायचं. लग्नाच्या नोंदीत दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदा, म्हणून माझ्या मते सगळ्यात मोलाचा कागद लग्नाचा. मृत्यूच्या नोंदीत मात्र आईवडिलांची नावं नसतात. जन्मनोंद उशिरा केली तर दंड असायचा, त्यामुळे लोक तारीख पुढची सांगायचे आणि बाप्तिस्मा जन्माच्या आधी झालेला दिसतो! अशा वेळी बाप्तिस्म्याची तारीख खरी धरा.

तिसरं, कॅथलिक रजिस्टरं. नॅशनल लायब्ररीने २०१५ साली साधारण १८८० पर्यंतची सगळी पानं फुकट नेटवर टाकली. लायब्ररीच्या साइटवर नावाने सर्च नाही, पॅरिश आणि साल निवडून एकेक पान वाचावं लागतं. इतर साइटवर याचे इंडेक्स आहेत, रूट्सआयर्लंडवर पैसे भरून चांगला सर्च मिळतो, पण इंडेक्स करणाऱ्यानेही ती अक्षरं अंदाजानेच वाचलेली असतात, म्हणून मूळ पान बघितल्याशिवाय काही लिहून ठेवू नका. बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्मआई-धर्मवडिलांची नावं असतात, ती नक्की उतरवा, बहुतेक वेळा ते काका, मावशी असतात. पाण्याने पसरलेली शाई, कोपरे फाटलेले, रोज दहा पानांपेक्षा जास्त वाचू नका, डोळे थकले की मन हवं तेच नाव वाचायला लागतं. आमचं नाव मला एकोणिसाव्या दिवशी मिळालं.

चौथं, जमिनीचे कागद. १८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली सगळ्या आयर्लंडची मोजणी झाली, ती ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन. थोडाफार आपला सातबारा म्हणा. जमीन कोण कसतो, कोणाकडून घेतलीय, क्षेत्र किती, घर आहे का, कर किती, आणि बरोबर नकाशा. आस्क अबाउट आयर्लंडच्या साइटवर फुकट आहे. यात फक्त कुटुंबप्रमुख असतो, बायकामुलं नाहीत. एकाच नावाचे दोघे असतील तर पुढे कंसात वडिलांचं नाव किंवा टोपणनाव लावलेलं असतं, बॉन म्हणजे गोरा, रो म्हणजे लालकेशी, ओग म्हणजे धाकटा. हे टोपणनाव दिसलं तर सोन्यासारखं जपा, घराण्याची शाखा त्यावरूनच कळते. त्याच्याही आधी १८२३ ते १८३७ मधली टाइद अ‍ॅप्लॉटमेंट बुकं आहेत, चर्चच्या करासाठी केलेली, पण त्यात नुसतं नाव आणि जमीन, शहरातली माणसं नाहीत. दुष्काळात, म्हणजे १८४५ नंतरच्या सात वर्षांत, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली, त्यामुळे टाइदमध्ये असलेलं घर ग्रिफिथमध्ये नसेल तर त्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. साध्या शेतकरी घराचा माग इथपर्यंत, १८२०-३० पर्यंत गेला म्हणजे खूप झालं.

उत्तरेकडच्या सहा काउंटींसाठी बेलफास्टचं प्रोनी, म्हणजे उत्तर आयर्लंडचा सरकारी दप्तरखाना, बघा. ग्रिफिथनंतर जमीन कोणाकडून कोणाकडे गेली याची पुस्तकं त्यांनी फुकट नेटवर ठेवलीत.

आपल्याकडच्या कोणाला शोधायचं असेल तर

पुणे, देवळाली, नगर अशा छावण्यांत आयरिश शिपाई पुष्कळ होते, आणि रॉयल बॉम्बे फ्युसिलियर्स ही पलटण तर १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युसिलियर्सची दुसरी बटालियन झाली. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत एन ३ या मालिकेत आहेत. शिपायाचे फौजेतून सुटल्याचे कागद लंडनमधल्या क्यूच्या ब्रिटिश नॅशनल आर्काइव्हजमध्ये, डब्ल्यूओ ९७ या मालिकेत, त्यात जन्माची पॅरिश, जवळचं शहर, काउंटी असं लिहिलेलं असतं. गाव शोधायला याच्याइतका सोपा कागद दुसरा नाही.

डीएनए टेस्टबद्दल सगळे विचारतात. कागदाने दोन-तीन घरांपर्यंत पोचलात आणि पुढे अडलं तर करा, आधी करून उपयोग कमी. आणि आडनावाचं राजचिन्ह म्हणून ढाली, कॉफीचे मग विकतात ते घेऊ नका, चिन्ह एकेका माणसाला दिलेलं असतं, आडनावाला नाही.

वहीत काय शोधलं आणि काय सापडलं नाही हे दोन्ही तारखेसकट लिहा. नेटवरची लोकांनी केलेली झाडं उतरवून घेऊ नका, माझं चुकलेलं झाडही एक आठवडा तिथेच होतं.

लोगेनमवर काही गावांच्या नावांचा उच्चार ऐकायलाही मिळतो, नाही मिळाला तर पॅरिशच्या ऑफिसला नीट दोन ओळींचं ईमेल करा, गावाचं नाव आणि साल लिहून. ग्रिफिथच्या नकाशावरचं घर मी आजच्या सॅटेलाइट नकाशावर शोधलं, समुद्राकडे उतरणाऱ्या खडकाळ शेतात छप्पर नसलेल्या भिंती दिसतात. विहीणबाईंनी त्याचा प्रिंट काढून घेतला. मी निघताना नातवाची वही करून दिली, पहिल्या पानावर दोन गावं लिहिली, सिन्नर आणि रीनट्रिस्क, आणि खाली पणजोबांच्या आईचं माहेरचं आडनाव, तिकडचा शोध आता विहीणबाई करताहेत.